लेकराच्या मार्फत

माझ्या पुतणीला ऐकू येत नाही, हे डॉक्टरांच्या वीस महिने आधी मला कळलं होतं. मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, पोरीच्या आईला तर नाहीच. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. लिहून दोनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच खिडकी लावायला. तहान नव्हती आणि खिडकी लागलेलीच होती.

मी वर्ध्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. राहायला सिंदी मेघेत. पन्नाशी उलटली आहे. आम्हाला मूल नाही. धाकटा भाऊ देवळीला असतो. गावालगत आमचं वावर आहे, त्यात तो वांगी, टमाटर, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतो आणि बाजाराच्या दिवशी सांबाराच्या हिरव्या जुड्या टोपल्यात घालून विकायला नेतो. त्याच्याकडे आमची आई, त्याची बायको आणि ही एकुलती एक मुलगी.

आधी आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. मी भावाच्या बायकोचा भासरा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याशी भावसून थेट बोलत नाही. डोक्यावर पदर, दाराच्या आड उभं राहणं, आणि जे सांगायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. शहरात हे मोडलं. आमच्या घरात आईमुळे टिकलं. लग्नानंतर पाच वर्षं ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मग मुलगी झाली आणि बोलायची सोय झाली. कडेवरच्या दोन महिन्यांच्या लेकराला ती म्हणायची, "सांग वं माय मोठ्या बाबाले, चहा थंडा होऊन राह्यला म्हणाव." मोठा बाबा म्हणजे मी. मग मीही लेकराकडे बघूनच म्हणायचो, "आईले सांग वं, साखर कमी टाकत जाय म्हणाव." लेकरू मुठी चोखत असायचं. निरोप इकडून तिकडे जायचे. मला हे फार आवडायचं, हेही कबूल करतो. मी मुळातच कमी बोलणारा माणूस. लेकराच्या आडून बोलायला मिळालं की मी चांगली दोन-चार वाक्यं बोलायचो.

त्याच सुमारास कॉलेजात माझ्याकडे एक प्रकल्प आला होता. यंत्रमानवाला बोलायला शिकवायचं, पण त्याच्यात शब्दांची पोती रिकामी करून नाही. मूल जसं शिकतं तसं. मूल आधी बोलत नाही, आधी बघतं. आई जिकडे बघते तिकडे बघायला लागतं. मग बोट दाखवतं. आई काही म्हणून थांबते, त्या थांबण्यात मूल हुंकार भरतं आणि आई त्यालाच उत्तर समजून पुढचं बोलते. शब्द येण्याच्या कितीतरी आधी आपली पाळी कधी, दुसऱ्याची कधी, हे मुलाला उमगलेलं असतं. हे सगळं यंत्राला त्याच क्रमाने शिकवून पाहायचं होतं. त्यासाठी एका घरातलं, एका मुलाचं, महिनोन्‌महिन्यांचं चित्रीकरण लागणार होतं. दुसऱ्याच्या घरात कॅमेरा लावायला मी धजावलो नसतो. भावाचं घर आपलंच.

भावानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लेकरू पोसाचं सोडून तू मशीन पोसून राह्यला का दादा? दूध-गीध पेते का थे?"

"लाइट पेते," मी म्हणालो.

"मंग आपल्या गावात त उपाशीच मरन."

पालकांच्या संमतीचा कागद मीच तयार केला होता. भावानं न वाचता सही केली. त्याच्या बायकोनं मात्र कागद आत नेला आणि पूर्ण वाचला. ती बारावी झालेली आहे. त्या कागदात शेवटून दुसरी ओळ होती: मुलाच्या वाढीबाबत काही वेगळे आढळल्यास पालकांना तात्काळ कळवण्यात येईल. ती ओळ मी लिहिली होती. 'तात्काळ' हा शब्दही माझाच.

मुलगी आठ महिन्यांची असताना पडवीतल्या फळीवर एक आणि स्वयंपाकघरात एक असे दोन कॅमेरे लावले. दर रविवारी मी देवळीला जायचो, त्यातलं सगळं उतरवून घ्यायचो आणि आठवडाभर प्रयोगशाळेत बसून ते बघत एकेक नोंद करायचो. आईनं काय म्हटलं, तेव्हा मूल कुठे बघत होतं, आवाज केला का, वळलं का. ही नोंद यंत्राला द्यायची. यंत्र म्हणजे टेबलावर बसवलेलं अर्धं धड, दोन कॅमेऱ्यांचे डोळे, फिरणारी मान आणि एक हात. सुरुवातीला ते नुसतं बरळायचं, स्वतःचा आवाज ऐकायचं, पुन्हा बरळायचं. विद्यार्थी हसायचे. मला त्याचं बरळणं आवडायचं. पुतणीचं बरळणं मात्र दहाव्या महिन्यानंतर कमी होत गेलं. नोंदीत ते सरळ दिसत होतं. एकीकडे यंत्र वाढत होतं, दुसरीकडे ती गप्प होत होती.

हाक मारली की मूल वळतं. तो रकाना माझ्या तक्त्यात फार महत्त्वाचा होता आणि तो रिकामा राहायला लागला. मी आधी स्वतःची समजूत घातली. कशी घातली ते सांगतो, कारण ही समजूत आमच्याच घरात घालता येण्यासारखी होती. मी म्हटलं, आपल्याकडे लेकराशी बोललेलं निम्मं लेकरासाठी नसतंच. आई तिला म्हणते, "आजीले सांग, दळण आणाले जाचं आहे." आजी तिला म्हणते, "तुह्या मायले सांग, मले दोन हात नाईत." भाऊ तिला म्हणतो, "मोठ्या बाबाले सांग, वावरात एकदा त पाय ठेव म्हणाव." या पोरीला कळलं असेल की ही वाक्यं आपली नाहीत, वरून जाणारी आहेत. म्हणून वळत नाही. किती हुशार पोरगी! मी हे विद्यार्थ्यांना सांगितलंसुद्धा. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

दोन महिने ही समजूत टिकली. मग टिकेना. रविवारी बसमध्ये मला बसवेना. देवळीचा थांबा येण्याच्या आधीच मी उठून दारात उभा राहायचो.

ती चौदा महिन्यांची असतानाचा एक रविवार. दुपार होती. भाऊ आणि त्याची बायको वावरात वांगी तोडत होते, आई पडवीत जमिनीवर लवंडली होती, मुलगी खाटेवर बसून भेंडी सोलत होती. सोलत म्हणजे नखानं कुरतडत. मी वर्ध्याहून खिशात सायकलची घंटी घेऊन गेलो होतो. कॅमेरा चालू होता. मी तिच्या मागे गेलो, खाटेला हात न लावता उभा राहिलो आणि घंटी वाजवली. खाटेखालची कोंबडी फडफडत अंगणात पळाली. आई झोपेतच म्हणाली, "कोन हाय रे?" मुलगी भेंडी कुरतडत राहिली. मी आणखी जवळ जाऊन वाजवली. डाव्या कानाशी, मग उजव्या. मग मी वाकलो तशी माझी सावली तिच्या हातांवर पडली. ती लगेच वळली आणि मला बघून हसली. मला वाटतं मीही हसलो. घंटी खिशात टाकली. आईला म्हणालो, "कोनी नाई, मी आहो."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी तेवढा तुकडा कापून वेगळा ठेवला. पुसायची हिंमत झाली नाही आणि कुणाला दाखवायचीही.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. त्यानंतर तीन-चार आठवडे गेले असतील. भावाची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, लेकरू कडेवर. मी पडवीत बसून कॅमेऱ्याची वायर गुंडाळत होतो. ती लेकराला म्हणाली, "विचार वं माय मोठ्या बाबाले. बाकीच्या पोट्ट्या आई-बाबा म्हनाले लागल्या, मी काऊन नाई म्हनत म्हणाव. त्या कागदात लिवलं होतं नं, काई दिसलं त सांगतो म्हणून. काई दिसलं का, विचार."

मी वायर गुंडाळत राहिलो. मग लेकराकडे बघून म्हणालो, "आईले सांग वं, काई नाई. सारं बराबर आहे. हळूहळू बोलशीन."

मुलगी माझ्या चष्म्याकडे बघत होती. तिची आई म्हणाली, "मोठ्या बाबाले सांग, चहा ठेवते," आणि आत गेली. तिचा आवाज हलका झाला होता. माझ्या एका वाक्यानं तिचा जीव भांड्यात पडला होता.

का केलं? वीस महिने आणि त्यानंतरची तीन वर्षं मी या प्रश्नाभोवती फिरतो आहे. प्रकल्प बघायला काही महिन्यांत माणसं येणार होती. दुसरं मूल घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायची तर वर्ष गेलं असतं. हे खरं आहे, पण सगळं खरं हे नाही. वाईट बातमी घेऊन त्या घरात जाणारा माणूस मला व्हायचं नव्हतं. माझ्या न बोलण्याला आमच्या घरात भलेपणा समजतात. "दादा कोनाच्या अध्यात नाई ना मध्यात नाई," असं आई कौतुकानं सांगते. आयुष्यभर त्या भलेपणावर माझं निभावलं. मला वाटलं हेही निभावेल, आज ना उद्या कुणीतरी दुसरं सांगेलच. मी नुसता वाट बघत बसलो. मूल कसं शिकतं, कोणत्या महिन्यात कान आणि जीभ यांची गाठ पडते, ती नाही पडली तर पुढे काय होतं, हे त्या घरात एकट्या मला माहीत होतं.

आणखी एक गोष्ट घडली, तिनं मला अधिकच गप्प केलं. यंत्र चांगलं शिकायला लागलं. इतरांची यंत्रं शब्द पकडायची आणि वस्तू चुकवायची. आमचं आधी समोरच्याचा चेहरा बघायचं, मग हात, मग हातातली वस्तू, आणि वस्तूवर दोघांची नजर ठरली की मगच "घे" म्हणायचं. बघायला आलेल्या माणसांपैकी एक जण म्हणाले, "बोलण्याच्या आधी जे असतं ते याला कळलंय." टाळ्या झाल्या. मी मान खाली घालून उभा होतो आणि लोकांना तो विनय वाटला.

ते कुठून आलं होतं, मला ठाऊक होतं. पुतणीच्या आईकडून. चित्रीकरणात महिन्यामहिन्याला बदल दिसत होता. आधी ती लांबून हाक मारायची. पुढे पुढे ती हाक मारायच्या आधी जवळ यायला लागली. गालाला बोट लावायची, पोरगी वळली की वस्तू स्वतःच्या तोंडाजवळ धरायची, थांबायची, आणि मग म्हणायची, "घे." तिला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि आपण असं करतो हे तिला माहीतही नव्हतं. लेकराला जे लागत होतं ते तिचे हात आपोआप करत होते. फक्त का करावं लागतंय, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगणारा माणूस आठवडाभर पडद्यावर तिचेच हात बघून नोंदी करत होता.

घरात इकडे उपाय सुरू झाले. आईनं पोपटानं टोचलेला पेरू शोधून आणायला लावला. तो खाल्ला की लेकरू बोलतं म्हणतात. भाऊ शेजारच्या गावाहून दोन पेरू घेऊन आला. "पोपटानंच टोचला का कावळ्यानं, देव जाने," तो म्हणाला. "कावळ्याचा असन त मंग दिवसभर ओरडन, चालते मले." आई म्हणाली, "हिचा बाप तीन वर्साचा होईस्तोर बोलला नव्हता. आता चूप बसते का?" सगळे हसले. मीही पेरूची एक फोड खाल्ली.

मुलगी तीन वर्षांची होत आली तेव्हा अंगणवाडीच्या ताईंच्या हातून एक दिवस स्टीलचं ताट पडलं. सगळी पोरं दचकली, ही दचकली नाही. ताईंनी दुसऱ्यांदा मुद्दाम पाडलं. आणि त्याच दिवशी, अंगणवाडी सुटल्यावर, उन्हातून चालत घरी येऊन तिच्या आईला सांगितलं. एवढंच करायचं होतं. चालत यायचं आणि सांगायचं.

दवाखान्यात मी सोबत गेलो होतो. शिकलेला माणूस म्हणून नेलं होतं. पोरीला झोपवून डोक्याला तारा लावल्या, तपासणी झाली. डॉक्टर तरुण होत्या, रागावल्या नव्हत्या, नुसतं विचारलं, "आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही का?" माझ्या हातात फाइल होती. तिची आई म्हणाली, "मी माय असून मलेच नाई समजलं." डॉक्टर म्हणाल्या, पहिली दोन-तीन वर्षं फार मोलाची असतात, आता दुप्पट मेहनत घ्यावी लागेल. तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, मी माझ्या प्रकल्पाच्या अर्जात लिहिलं होतं.

घरी आल्यावर आईनं निदान केलं. "गिरानात विळा धरला हिनं. पोट पाच महिन्याचं, म्या हजारदा सांगितलं, घरात बस. ऐकलं नाई." ग्रहणाच्या दिवशी ती सांबार कापत होती हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी बाजार होता, आणि भावाला ताप होता. माझ्या शिकलेल्या तोंडातून तेव्हा एवढं निघालं, "ग्रहणानं काई होत नाई आई." आई म्हणाली, "मंग कायनं झालं?" मी हातातली फाइल कपाटावर ठेवली. ग्रहणानं झालं नव्हतंच. पण वीस महिने कुणामुळे गेले, ते मला सांगता आलं असतं.

आता मुलगी सहा वर्षांची आहे. दोन्ही कानांना यंत्रं आहेत. आठवड्यातून दोनदा तिची आई तिला देवळीहून बसनं वर्ध्याला बोलण्याच्या वर्गाला आणते. त्या दिवशी दोघी दुपारी आमच्याकडे जेवतात. पोरगी काही शब्द बोलते, बरंचसं हातांनी सांगते. बोलायचं असलं की समोरच्याची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवते. माझंही वळवते. तेव्हा मला तिच्याकडे बघावंच लागतं.

वर्गातल्या बाईंनी सांगितलं आहे, मुलीशी बोलायचं ते तिच्यासमोर बसून आणि फक्त तिच्यासाठी. तेव्हापासून तिच्या आईनं तिच्या तोंडून निरोप पाठवणं बंद केलं. त्यामुळे काही महिने आमच्यात काहीच बोलणं नव्हतं. ताट वाढलं जायचं, मी जेवायचो, त्या निघून जायच्या. मला बरं वाटायचं.

गेल्या पंधरवड्यात एकदा माझी बायको पोरीला घेऊन गच्चीवर वाळवण दाखवायला गेली होती. तिची आई दाराशी आली. पदर डोक्यावर होता, पण ती आडोशाला उभी राहिली नाही.

"मोठे बाबा," ती म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी. "थे पिक्चर आहेत नं तुमच्याजवळ? हिच्या लहानपनचे?"

"हाव. असतीन."

"मले पाहाचे आहेत. बसून सारे पाहाचे आहेत. माह्याकडून कुठी चुकलं, कोन्या टायमाले माह्या ध्यानात याले पायजे होतं, थे पाहाचं आहे मले. आत्याबाई म्हनतात थे गिरान मी मानत नाई. पन ध्यान नाई देल्लं, थे त खरंच आहे नं?"

मी म्हणालो, "शोधा लागन."

"सापडले त सांगजा."

शोधायला काही लागत नाही. मी लिहितो आहे त्याच टेबलाच्या वरच्या कप्प्यात ते सगळं आहे. या पंधरा दिवसांत मी दोनदा ते पिशवीत घालून बसथांब्यावर गेलो आणि देवळीची गाडी लागलेली बघून परत आलो. एकदा तर आत जाऊन बसलो होतो. कंडक्टर मागून येत होता, तिकीट काढायच्या आत उतरलो. भीती तिच्या रागाची नाही. ती रागावणार नाही अशीच भीती आहे. ती पदर सावरून लेकराला जवळ घेईल आणि पुन्हा माझ्याशी बोलणार नाही, आणि घरात कुणाला कारणही सांगणार नाही. मी जसा गप्प राहिलो तशी तीही राहील, माझ्या भल्यासाठी. आणि आई पुन्हा ग्रहणाचंच म्हणत राहील.

म्हणून भाऊ आणि आई दोघांनाही समोर बसवून सांगायचं, असं ठरवलं आहे. ठरवलं आहे म्हणजे अजून केलेलं नाही.

तिला मी ते सगळं चित्रीकरण देणं लागतो, घंटीचा कापलेला तुकडाही त्यात घालून. आणि तिच्याकडे बघून, तिलाच, एवढं सांगणं लागतो: तुझ्याकडून काही चुकलं नाही, तू वेळेवर विचारलं होतंस, मला माहीत होतं आणि मी खोटं बोललो.